अडलेला निरोप

पूर्वी घरात माणसे किती असे विचारीत. आता यंत्रे किती असेही विचारावे लागते. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण किंवा कलबुर्गीकडील आळंद ह्या सीमेवरच्या गावांतून एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबात डोकावले, तर घरच्या प्रत्येकाचा मोबाइल, मुलांच्या अभ्यासाचा संगणक, दिवाणखान्यातील टीव्ही, दारावरचे कॅमेरे आणि घराखाली दुकान असल्यास बिले करणारा संगणक व त्याचा प्रिंटर, अशी दहा-बारा यंत्रे सहज निघतात. हैद्राबादच्या किंवा पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करणारा मुलगा वा सून असली, तर कंपनीने दिलेला लॅपटॉप त्यांत आणखी एक. घरून काम करण्याची ही रीत २०२० च्या टाळेबंदीत देशभर पसरली आणि पुष्कळ ठिकाणी ती पुढेही टिकली.

ही सारी यंत्रे बहुधा एकाच वायफायवर आणि एकाच जाळ्यात असतात. म्हणजे ती जणू एकाच मोठ्या खोलीत राहतात व मध्ये आडपडदा काही नाही. सोय पुष्कळ होते, ह्यात वाद नाही. परंतु त्या खोलीत कोणाकोणाचा वास आहे ह्याचा विचार कुटुंबप्रमुखाने एकदा तरी करावयास हवा. दुकानाचे हिशेब तेथे आहेत, घरच्या स्त्रियांची व मुलांची छायाचित्रे तेथे आहेत, आणि बाजारातून स्वस्तात आणलेला, ज्याचा कारखान्यातील परवलीचा शब्द कोणी कधी बदलला नाही असा कॅमेराही तेथेच आहे.

हे भय काल्पनिक नाही. २०१६ साली मिराई नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो मोठ्या संगणकांच्या मागे लागला नाही. त्याने घरोघरीचे कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि राऊटर शोधले, कारखान्यात घातलेले साठेक ठराविक परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहिले, आणि ज्यांचे कुलूप त्यांनी उघडले ती यंत्रे आपल्या चाकरीस लावली. त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने डिन ह्या अमेरिकन कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर व नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे कित्येक तास असंख्य लोकांस दिसेनाशी झाली. मिराई रचणाऱ्या तिघा तरुणांनी २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयात आपला गुन्हा कबूल केला. ज्यांच्या भिंतीवरचा कॅमेरा ह्या कामी राबला, त्या सामान्य गृहस्थांस त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून जाणते लोक घरच्या जाळ्याचे भाग पाडावयास सांगतात. त्यासाठी प्रत्येक भागास वेगळी तार ओढावी लागत नाही. १९९८ साली प्रमाण ठरलेल्या आयईईई ८०२.१क्यू ह्या पद्धतीने एकाच तारेतून अनेक जाळी नेता येतात. तारेतून जाणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक पुडक्यास चार बाइटांची एक चिठ्ठी जोडतात व तीवर जाळ्याचा क्रमांक असतो. असे ४०९४ क्रमांक वापरता येतात. घरास चार-पाच पुरेत. ह्या आभासी जाळ्यांना व्हीलॅन म्हणतात. चिठ्ठी लावणे आणि काढणे हे स्विच नावाच्या पेटीचे काम, आणि एका जाळ्यातून दुसऱ्यात कोणास जाऊ द्यावयाचे हे ठरविणे फायरवॉलचे. फायरवॉल म्हणजे मुळात एका घरची आग दुसऱ्यास लागू नये म्हणून बांधलेली भिंत. पीएफसेन्स हा २००४ पासूनचा आणि त्यातूनच फुटून २०१५ साली निघालेला ऑपीएनसेन्स, असे दोन प्रोग्रॅम ह्या कामी विनामूल्य मिळतात. तारेच्या दोन जागा असलेला जुना संगणकही त्यांस चालतो, त्यामुळे हौशी तरुण हा उद्योग घरीच करू लागले आहेत. आम्हांस त्याचे कौतुक वाटते.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून भालकीतील एक घर आपण कल्पनेने उभे करू. खाली बियाणांचे दुकान, वर बिऱ्हाड. थोरल्या मुलाने चार जाळी केली. घरास क्रमांक १०, दुकानास २०, कॅमेऱ्यांस ३० आणि पाहुण्यांस ४०. कंपनीचा लॅपटॉप त्याने पाहुण्यांतच ठेवला, कारण तो घरात असला तरी घरचा नव्हे. पत्तेही क्रमांकास धरून दिले: घरच्या यंत्रांचे १९२.१६८.१० ने सुरू होणारे, दुकानचे १९२.१६८.२० ने, आणि पुढे त्याचप्रमाणे. हे पत्ते १९९६ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांतले असल्याने ते कोणासही विनापरवाना घेता येतात. प्रत्येक जाळ्यात फायरवॉलचा स्वतःचा एक पत्ता असतो; घरात तो १९२.१६८.१०.१ आणि दुकानात १९२.१६८.२०.१. त्यास गेटवे म्हणतात. आपल्या जाळ्याबाहेरचा निरोप प्रत्येक यंत्र ह्या वेशीवर आणून देते व पुढची वाट वेशीवरचा पहारेकरी पाहतो.

सर्व यथास्थित झाले. इंटरनेट चारही जाळ्यांत चालू लागले. आणि सायंकाळी वडिलांनी माडीवरून दुकानच्या प्रिंटरवर एक यादी छापावयास पाठविली, ती काही निघाली नाही. कालपर्यंत निघत होती. मोबाइलवर दुकानचा कॅमेराही दिसेना. आजोबांचे म्हणणे पडले की चांगले चालले होते ते बिघडवून ठेवले.

येथेच खरा धोका आहे. वैतागलेला मुलगा रात्री अकरा वाजता फायरवॉलमध्ये एक नियम लिहितो: कोणासही, कोठूनही, कोठेही जाऊ द्यावे. प्रिंटर चालू लागला तर तो नियम कायमचा तसाच राहतो आणि चार जाळी केवळ नावापुरती उरतात. प्रिंटर चालू झाला नाही, तर ते अधिकच वाईट. कारण दोष फायरवॉलमध्ये नव्हताच. मुलगा दुसरीकडे शोधू लागतो, पुढे कधीतरी खरा दोष सापडतो, आणि ह्या गडबडीत उघडलेली वेस लावावयाची राहून जाते. बंद वेस त्रास देते म्हणून ती ध्यानात राहते. उघडी वेस कसलीच तक्रार करीत नाही.

तेव्हा वेस उघडण्याआधी निरोप कोठे अडला हे पाहावे. हे पाहण्याची रीत बीदरच्या लोकांस नवी वाटू नये. बीदरजवळ नौबादेत बहामनी काळचा, पंधराव्या शतकातला भूमिगत पाणीमार्ग आहे. त्यास कारेझ म्हणतात. लोक सुरंग बावी म्हणतात. इराणी पद्धतीने जांभ्या दगडात खोदलेल्या ह्या बोगद्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी आहेत. अशा वीसाहून अधिक विहिरी आढळल्या आहेत. २०१४–१५ च्या सुमारास तेथील गाळ काढण्याचे काम झाले तेव्हा त्यांचे महत्त्व पुन्हा लोकांच्या ध्यानात आले. बोगदा जमिनीखाली, तो दिसत नाही. पण पाणी शेवटच्या टोकास येईनासे झाले तर सारी जमीन उकरावी लागत नाही. एकेका विहिरीत वाकून पाहावे. ह्या विहिरीत पाणी आहे आणि पुढच्या विहिरीत नाही, तर गाळ ह्या दोहोंच्या मध्येच असला पाहिजे.

घरच्या जाळ्यातही अशा विहिरी आहेत. त्यांत वाकून पाहण्याचे साधे साधन म्हणजे पिंग. माइक म्यूस ह्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ च्या डिसेंबरात तो लिहिला आणि पाण्याखालील सोनारच्या आवाजावरून त्यास नाव दिले. एका यंत्राने दुसऱ्यास ‘आहेस काय?’ म्हणून हाक द्यावी आणि त्याने ‘आहे’ म्हणावे, इतकेच त्याचे काम. पण क्रमाने वापरला तर तो पुष्कळ काही सांगतो.

पहिली विहीर माडीवरचा संगणक स्वतःच होय. त्याचा पत्ता १९२.१६८.१० ने सुरू होतो काय ते पाहावे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्यास कोणी पत्ता दिलाच नाही व त्याने आपल्या मनानेच एक धारण केला असे समजावे. असे झाल्यास दोष बहुधा स्विचमध्ये असतो: ती तार ज्या जागेत खुपसली आहे तिला १० हा क्रमांक दिलेला नाही, अथवा फायरवॉलकडे जाणाऱ्या तारेवर तो क्रमांक चिठ्ठीसह सोडलेला नाही. पत्ता भलत्याच जाळ्याचा आला, उदाहरणार्थ ४० चा, तर तारेची जागा चुकली हे उघड आहे. स्विचमध्ये हे क्रमांक दोन निरनिराळ्या ठिकाणी लिहावे लागतात, एकदा जाणाऱ्या पुडक्यांसाठी आणि एकदा येणाऱ्यांसाठी. त्यांतले एक ठिकाण विसरणे ही फार साधारण गोष्ट आहे.

दुसरी विहीर म्हणजे आपल्याच जाळ्यातील वेस, १९२.१६८.१०.१. तिसरी, त्याच पहारेकऱ्याचा दुकानच्या बाजूचा पत्ता, १९२.१६८.२०.१. चौथी स्वतः प्रिंटर, समजा १९२.१६८.२०.५०. माडीवरून ह्या तिघांस क्रमाने हाक द्यावी. येथे एक सावधगिरी सांगतो. वेशीने उत्तर दिले नाही म्हणून वेस मेली असे लगेच समजू नये. ‘हाकेस उत्तर देऊ नको’ असा नियमही असू शकतो. म्हणून त्याच वेळी फायरवॉलची नोंदवही उघडून ठेवावी. नियमात न बसल्याने परत फिरविलेले निरोप ती सहसा आपण होऊन लिहून ठेवते. कोण आला, कोठे निघाला होता, कोणत्या दारावर अडला, हे तीत ओळीने सापडते. ही वही न वाचता नियम बदलीत बसणारी माणसे पाहिली की आम्हांस वाईट वाटते.

नोंदवहीत अडलेला निरोप सापडला तर दोष नियमांचा आहे. आता नियमांविषयी दोन शब्द सविस्तर लिहावयास हवेत, कारण सर्वाधिक घोटाळा येथेच होतो.

बीदर शहराच्या तटास शहागंज, फत्तेह, मंगळपेठ, तळघाट, दुल्हन असे निरनिराळे दरवाजे आहेत. फायरवॉलमध्येही प्रत्येक जाळ्यास वेगळा दरवाजा असतो व त्या दरवाजाचे नियम त्याचे स्वतंत्र. पहिल्या दरवाजावर सर्वांस सोडण्याचा नियम तयार मिळतो. पण मागाहून केलेल्या नव्या जाळ्याच्या दरवाजावर एकही नियम नसतो, आणि नियम नाही म्हणजे मनाई. म्हणून नवे जाळे निर्माण होताच मुके असते. तो बिघाड नव्हे. त्यास अजून कोणी बोलावयास परवानगी दिलेली नाही, एवढेच.

परवानगी कोणत्या दरवाजावर लिहावयाची, हा पुढचा प्रश्न. वडिलांचा निरोप दुकानात जावयाचा आहे, म्हणून मनुष्य साहजिकच दुकानच्या दरवाजावर नियम लिहितो. ते चूक आहे. २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे करोनाच्या तपासणीचा दाखला मागत असत. उदगीरचा प्रवासी बीदर जिल्ह्याच्या सीमेवर शिरताना त्याची पाहणी होई. एकदा आत सोडल्यावर भालकीतील ज्या घरी तो उतरणार, त्या घराच्या दारात कोणी पुन्हा दाखला मागत नसे. ह्या फायरवॉलचे सामान्य नियम तसेच आहेत. निरोप ज्या दरवाजाने फायरवॉलमध्ये शिरतो, त्या दरवाजावर त्याची तपासणी होते. ज्या दरवाजाने तो बाहेर पडतो तेथे नव्हे. तेव्हा घराकडून दुकानाकडे जाण्याचा नियम घराच्या दरवाजावर लिहावा. उत्तरासाठी वेगळा नियम लागत नाही. कोणी कोणास हाक दिली हे पहारेकरी आपल्याजवळ टिपून ठेवतो आणि त्या हाकेचे उत्तर न विचारता सोडतो. म्हणूनच घराने दुकानच्या प्रिंटरशी बोलावे, पण दुकानच्या यंत्रांनी आपण होऊन घरात शिरू नये, अशी एकेरी व्यवस्था करता येते. आणि तीच तर हवी असते.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तोच चालतो. ‘प्रिंटरकडे जाऊ द्यावे’ हा नियम ‘इतर जाळ्यांकडे जाऊ देऊ नये’ ह्याच्या खाली लिहिला, तर तो असून नसल्यासारखा. आणखी एक अडचण घाईत होते. पहिल्या जाळ्याचा नियम नक्कल करून दुसऱ्याच्या दरवाजावर लावतात, पण त्यात ‘कोणाकडून’ ह्या रकान्यात पहिल्या जाळ्याचेच नाव राहते. दुसऱ्या जाळ्यातील कोणीही त्या वर्णनात बसत नाही, आणि नियम हिरव्या खुणेने दिमाखात उभा असूनही एकही निरोप पुढे जात नाही. पीएफसेन्समध्ये नवा नियम लिहिताना पद्धतीच्या रकान्यात टीसीपी आधीच घातलेले असते, तेही पाहून घ्यावे. तसेच राहिले तर पिंग चालत नाही, कारण त्याची पद्धत निराळी. आणि नावावरून पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा मुख्यतः यूडीपीने होत असल्याने तीही अडते. मग घरातील माणसे म्हणतात इंटरनेट बंद पडले, आणि ते बंद पडलेले नसते.

ज्या घरांत दोन जोडण्या आहेत त्यांस एक खास गोष्ट सांगावयाची. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटते म्हणून अलीकडे पुष्कळ लोक मोबाइलच्या सिमची दुसरी जोडणी ठेवतात. मग नियमातच लिहितात की ह्या जाळ्याचे सारे निरोप अमुक जोडणीने पाठवावेत. ‘सारे’ म्हणजे दुकानच्या प्रिंटरचेही! २०१७ च्या २९ ऑक्टोबरास बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग खुला होईपर्यंत बीदरच्या प्रवाशास रेल्वेने कलबुर्गीस जावयाचे झाल्यास विकाराबादेस जाऊन वाडीमार्गे वळसा घ्यावा लागे. तो निदान पोहोचत तरी असे. आपला बिचारा निरोप मात्र खालच्या मजल्यावर जाण्यासाठी कंपनीच्या तारेने गावाबाहेर जातो आणि तेथेच नाहीसा होतो, कारण खाजगी पत्त्यांस बाहेरच्या जगात वाट नाही. उपाय सोपा आहे. घरातल्या घरात जाणाऱ्या निरोपांसाठी, जोडणीचे नाव न घालता, एक नियम त्याच्या वर लिहावा.

समजा नियम सारे बरोबर आहेत, नोंदवहीतही काही अडलेले नाही, तरी प्रिंटर मुका. आता कारेझच्या विहिरीत खरोखरच वाकून पाहावयाचे. फायरवॉलमध्ये पॅकेट कॅप्चर म्हणून सोय असते. ती एखाद्या दरवाजावरून जाणारी पुडकी हुबेहूब दाखविते. आधी घराच्या दरवाजावर पाहावे: वडिलांनी हाक दिली ती आत शिरली काय? शिरली नाही तर दोष माडीवर किंवा स्विचमध्ये. शिरली, पण दुकानच्या दरवाजातून बाहेर पडली नाही, तर दोष नियमांत किंवा वाटेत. आणि दुकानच्या दरवाजातून बाहेर पडताना दिसली, पण तिचे उत्तर परत येताना दिसत नाही, तर फायरवॉलने आपले काम पूर्ण केले आहे. आता त्याचे नियम कितीही उघडले तरी फरक पडावयाचा नाही. दहा मिनिटांच्या ह्या पाहणीने कित्येक रात्रींचे जागरण वाचते.

हा शेवटचा प्रकार फार आढळतो, म्हणून त्याजकडे अधिक लक्ष देऊ. निरोप प्रिंटरच्या दारापर्यंत गेला आणि उत्तर नाही, ह्याची कारणे तीन-चारच असतात. पुष्कळ प्रिंटर व कॅमेरे विकत घेतल्या दिवशी कोणीतरी हाताने पत्ता घालून बसविलेले असतात आणि गेटवेचा रकाना रिकामाच असतो. सर्व यंत्रे एका जाळ्यात होती तोवर त्यास गेटवेची गरज पडली नाही. आता हाक दुसऱ्या जाळ्यातून येते. प्रिंटर ती ऐकतो, त्यास उत्तरही द्यावयाचे असते, पण वेस कोठे आहे हेच त्यास ठाऊक नाही. ह्याची परीक्षा फायरवॉलच्या पिंगमधूनच घेता येते. प्रथम दुकानच्या बाजूच्या पत्त्यावरून प्रिंटरला हाक द्यावी, मग घराच्या बाजूच्या पत्त्यावरून. पहिल्या हाकेस उत्तर आले आणि दुसऱ्या हाकेस आले नाही, तर प्रिंटर जिवंत आहे आणि त्यास परतीची वाट ठाऊक नाही, असा संशय बळावतो. प्रिंटरच्या पडद्यावर जाऊन गेटवे १९२.१६८.२०.१ असा भरावा.

तेथेच सबनेट मास्कही पाहावा. तो २५५.२५५.२५५.० असावयास हवा. कोणी २५५.२५५.०.० घातला असेल, तर १९२.१६८ ने सुरू होणारी सारी यंत्रे आपल्याच खोलीत आहेत असा प्रिंटरचा समज होतो. तो माडीवरच्या संगणकास वेशीवर न जाता खोलीतल्या खोलीत हाका मारीत राहतो, आणि तो संगणक तेथे नसल्याने ओ देत नाही.

दुकानात प्रिंटरऐवजी विंडोजचा संगणक असेल तर गंमत निराळी. त्या संगणकात त्याची स्वतःची एक फायरवॉल असते, आणि सहसा ती पिंगला व फायलींच्या देवघेवीला केवळ आपल्या जाळ्यातील यंत्रांपुरतीच मुभा देते. शेजारच्या संगणकावरून सर्व ठीक आणि माडीवरून काहीच नाही, हे लक्षण दिसले की मुख्य फायरवॉलला दोष देण्याआधी ह्या धाकट्या पहारेकऱ्याकडे जावे. त्यात १९२.१६८.१० च्या जाळ्याचे नाव भरले की पुरे. तो अजिबात बंद करू नये.

कधी कधी दोष ह्याहून मुळाशी असतो. जोडणी देणाऱ्या कंपनीची पेटीही स्वतःच एक राऊटर असते आणि तीही बहुधा १९२.१६८ पट्ट्यातलेच पत्ते वाटते. तिचे जाळे १९२.१६८.१ आणि फायरवॉलमागचे एखादे जाळेही १९२.१६८.१, असे झाले तर एकाच नावाच्या दोन पेठा एका गावात झाल्या. पत्र कोठे द्यावे हे कोणासच कळत नाही. आपल्या जाळ्यांस आरंभीच वेगळे क्रमांक द्यावेत. त्या कंपनीच्या पेटीचे वायफायही बंद करावे, कारण एखादा मोबाइल नकळत तिला जोडला गेला की तो फायरवॉलच्या बाहेर पडतो, आणि मग ‘माझ्याच फोनवर कॅमेरा दिसत नाही’ ही तक्रार सुरू होते.

आणखी एक कोडे असे की पत्ता घालून पाठविले तर कागद निघतो, पण मोबाइलच्या यादीत प्रिंटरचे नावच येत नाही. येथे वाट मोकळी आहे, अडचण ओळखीची आहे. यंत्रे एकमेकांस शोधण्यासाठी २२४.०.०.२५१ ह्या सामाईक पत्त्यावर पुकारा करतात, आणि तो पुकारा मुद्दामच आपल्या जाळ्याबाहेर जाऊ नये असा रचलेला आहे. तो एका जाळ्यातून दुसऱ्यात पोहोचविण्यासाठी अवाही नावाचा जोड-प्रोग्रॅम फायरवॉलमध्ये बसविता येतो. आमचे मत विचाराल तर, घरी एकच प्रिंटर असेल तर पत्ता हाताने भरावा आणि ह्या भानगडीत पडू नये. टीव्हीवर मोबाइलचे चित्र दाखवावयाची घरच्यांस सवय असेल, तर टीव्ही व मोबाइल एकाच जाळ्यात ठेवणे शहाणपणाचे. विभागणी कुटुंबाच्या सोयीसाठी आहे.

दोष सापडला, यादी छापून निघाली, आजोबांचेही समाधान झाले, की दोन कामे त्याच रात्री उरकावीत. शोधताना जे जे नियम तात्पुरते लिहिले ते पुसावेत. पुसल्यावरही जुनी संभाषणे काही काळ चालू राहतात, कारण पहारेकऱ्याने ती आपल्या वहीत आधीच टिपलेली असतात. ती वही एकदा कोरी करावी, म्हणजे नियम खरोखर लागू झाले की नाही ते कळते. मग एका कागदावर जाळ्यांचे क्रमांक, प्रिंटरचा व कॅमेऱ्यांचा पत्ता, आणि स्विचच्या कोणत्या जागेत कोणती तार आहे, हे लिहून तो मीटरच्या कपाटात आतून चिकटवावा. मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्यास गेला तर घरात राहणाऱ्या सुनेला किंवा धाकट्या भावाला तो कागदच उपयोगी पडणार. परवलीचे शब्द मात्र त्यावर लिहू नयेत. ते कपाटाच्या कुलपात निराळे ठेवावेत.

आणि शेवटी मोबाइल पाहुण्यांच्या वायफायला जोडून दुकानच्या संगणकास, प्रिंटरला आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला एकेक हाक द्यावी. तिघांपैकी एकाचेही उत्तर येता कामा नये.